गोल्फ सुधारायचं तर आधी पकड बसवा

रेंजवर (गोल्फच्या सरावाच्या मैदानावर) नवशिक्याची पहिली तक्रार ठरलेली असते: बॉल उजवीकडे पळतो. त्यावर शेजारच्यांचे सल्लेही ठरलेले. डोकं खाली ठेव, खांदे पूर्ण वळव, डावा हात ताठ ठेव, कंबर आधी फिरव. एखादा सल्ला बरोबरही निघतो. पण बाजूला उभं राहून नीट पाहिलं तर बहुतेकांची गडबड स्विंग (काठी फिरवून मारणं) सुरू व्हायच्या आधीच झालेली असते, आणि ती हातांत असते. क्लबच (गोल्फची काठी) चुकीचा धरला असेल तर पुढचा सगळा स्विंग ती चूक निस्तरण्यात खर्ची पडतो.

गोल्फचा पाया कोणता यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. कुणी पटिंग (होलजवळ बॉल हळूच लोटणं) म्हणतं, कुणी तोल, कुणी लय. माझ्या मते नवशिक्यासाठी पहिला मान पकडीचाच. एक तर बाकीचं सगळं तिच्यावर उभं राहतं. दुसरं म्हणजे ती एका जागी उभं राहून, एकही बॉल न मारता, पूर्णपणे बरोबर करता येते. वय, उंची, ताकद, लवचिकपणा यातलं काहीही आड येत नाही. स्विंगबद्दल असं कुणी म्हणू शकणार नाही.

या लेखात ‘पकड’ म्हणजे हातांची ठेवण आणि ‘ग्रिप’ म्हणजे दांड्यावरचं रबर. सगळ्या सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

एवढं काय आहे पकडीत?

वरून खाली येऊन बॉलला लागायला क्लबला साधारण पाव सेकंद लागतो. क्लब आणि बॉल एकमेकांना टेकलेले असतात तो वेळ तर अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. डोळ्यांनी काही पाहून हाताने त्यावर हालचाल करायलाच माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. त्यामुळे क्लब खाली येत असताना ‘फेस (बॉलला लागणारी क्लबची बाजू) जरा उघडा (उजवीकडे वळलेला) वाटतोय, सरळ करतो’ असं करायला वेळच उरत नाही. फेस ज्या दिशेला बघत येणार ते बरंचसं आधीच ठरलेलं असतं.

आणि बॉल कुठे निघणार हे मुख्यतः फेसच ठरवतो. पूर्वी कित्येक वर्षं उलट शिकवलं जायचं: बॉल क्लबच्या मार्गावर निघतो आणि मग फेसच्या दिशेने वळतो. रडारवर फटका मोजणारी यंत्रं आली आणि हे चूक असल्याचं दिसलं. ड्रायव्हरच्या (सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या) फटक्यात बॉलच्या सुरुवातीच्या दिशेचा साधारण ८५ टक्के वाटा फेसचा असतो, आयर्नमध्ये (चपट्या धातूच्या डोक्याच्या क्लबमध्ये) ७५ टक्क्यांच्या आसपास. उरलेला क्लबच्या मार्गाचा. साधा हिशेब करून बघा. १५० मीटर लांबच्या फटक्यात बॉल १ अंश चुकीच्या दिशेने निघाला तर तो अडीच मीटरहून जास्त बाजूला पडतो. ४ अंश चुकला तर साडेदहा मीटर. शिवाय फेस आणि मार्ग यांच्यात फरक असेल तर बॉल हवेत वळतो, ते वेगळंच.

आता यात हातांचा संबंध कुठे येतो? आरशासमोर उभे राहा आणि दोन्ही हात सैल सोडा. डावा तळहात नीट बघा. तो पूर्ण मांडीकडे वळलेला नसतो, थोडा मागे बघत असतो, आणि वरून पाहिलं तर मुठीवरची दोन-तीन हाडं दिसतात. गोल्फवाले त्यांना नकल म्हणतात. ही तुमच्या हाताची नैसर्गिक बैठक. फटक्याच्या क्षणी क्लबच्या वेगामुळे हात बाहेर खेचले जातात आणि साधारण या नैसर्गिक बैठकीकडेच परत जायला बघतात. क्लब धरताना तुम्ही डावा हात डावीकडे पिळून ठेवला असेल, म्हणजे एकच नकल दिसत असेल, तर फटक्याच्या वेळी तो आपल्या मूळ जागी फिरतो आणि फेसला सोबत घेऊन उघडतो. बॉल उजवीकडे. यात ‘स्विंग’ नावाच्या गोष्टीचा दोष फार थोडा असतो.

पायरी १: आधी फेस, मग हात

सात नंबरचा आयर्न घ्या. सुरुवातीला ग्लोव्ह नको, म्हणजे बोटांना ग्रिप कुठे टेकतोय ते कळेल. सरळ रेघ असलेली फरशी मिळाली तर उत्तम. क्लबचं डोकं जमिनीवर टेकवा आणि दांडा उजव्या हाताने, ग्रिपच्या खाली, चिमटीत धरा.

फेस लक्ष्याकडे काटकोनात बसवा. इथे नजर हमखास फसते. आयर्नचा वरचा काठ डोळ्यांना जवळ असतो म्हणून लोक तो सरळ करतात, आणि फेस वाकडा बसतो. बघायचा तो खालचा काठ, किंवा फेसवरची सगळ्यात खालची खाच. काही क्लबवर ती खाच पांढरी रंगवलेली असते, ती याचसाठी. तो काठ फरशीच्या रेघेशी जुळला की फेस सरळ.

हा क्रम मोडू नका. बरेच जण क्लब हवेत उचलतात, दोन्ही हातांनी घट्ट धरतात आणि मग मनगटं वळवून फेस सरळ करतात. दिसायला सगळं ठीक दिसतं, पण पकड फेसच्या मानाने वाकडी बसलेली असते. फेस सरळ असताना हात त्यावर येऊन बसले पाहिजेत.

पायरी २: डावा हात

यावर वेळ घालवा. डावा हात बरोबर बसला की उजव्याला चुकायला फारशी जागा राहत नाही.

डावा हात मघाशी लटकला होता तसाच, न पिळता, ग्रिपजवळ आणा. ग्रिप बोटांत आडवा घ्यायचा. तर्जनीच्या मधल्या पेरापाशी सुरुवात आणि करंगळीच्या मुळाशी शेवट, अशी तिरकी रेघ मनात धरा. तळहाताच्या मधोमध ग्रिप घेणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तसं धरलं की मनगट मोकळं हलत नाही, क्लबचा वेग जातो आणि फेस वळवून आणायलाही जड जातं.

बोटं मिटलीत की करंगळीच्या बाजूची, तळहाताच्या टाचेकडची मांसल गादी ग्रिपच्या वर बसली पाहिजे. बाजूला नाही, वर. ग्रिपचं वरचं टोक साधारण एक सेंटीमीटर हाताबाहेर ठेवा. टोक मुठीत दडपलं तर पकड वरच्या बाजूने सैल होते.

आता एक चाचणी. बाकीची बोटं उघडा आणि क्लब फक्त वाकवलेली तर्जनी आणि ती गादी यांच्यामध्ये समोर उचलून धरा. पकड बोटांत असेल तर क्लब सहज तोलला जातो. तळहातात असेल तर लगेच घसरायला लागतो. ही चाचणी मला आरशापेक्षाही भरवशाची वाटते, कारण ती नजरेवर अवलंबून नाही.

अंगठा ग्रिपच्या अगदी मध्यावर नको, किंचित उजवीकडे हवा. तो लांब ताणू नका. तर्जनीच्या जवळ, आखडता ठेवा. अंगठा ताणला की ग्रिप हळूच तळहातात सरकतो, करून बघा.

वरून बघा. अडीच ते तीन नकल दिसल्या पाहिजेत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली घडी व्हीच्या आकाराची दिसते, तिचं टोक तुमच्या उजव्या खांद्याकडे किंवा उजव्या कानाकडे दाखवेल. आरशात बघून नकल मोजणार असाल तर जपून. मान वाकवून, डोकं डावीकडे नेऊन मोजल्या तर संख्या बदलते. फटक्याला उभे राहता तसेच उभे राहून, डोळ्यांनी खाली बघून मोजा.

पायरी ३: उजवा हात

उजवा तळहात लक्ष्याकडे बघत, बाजूने आणा. खालून नको आणि वरूनही नको. ग्रिप मधलं बोट आणि अनामिका यांच्या मुळाशी बसवा, याही हाताची पकड बोटांतलीच. मग तळहात मिटा. उजव्या तळहातावरची आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर नेमकी बसली पाहिजे आणि अंगठा पूर्ण झाकला गेला पाहिजे. दोन हातांमध्ये पोकळी राहिली तर फटक्याच्या वेळी हात एकमेकांशी भांडतात.

उजवी तर्जनी मधल्या बोटापासून थोडी सुटी ठेवा, आकड्यासारखी वळवलेली. अंगठा ग्रिपच्या किंचित डावीकडे. उजवा अंगठा ग्रिपच्या डोक्यावर सरळ दाबून ठेवायची सवय फार लवकर लागते, कारण त्याने जोर लावल्यासारखं वाटतं. तो जोर उपयोगाचा नसतो, त्याने उजवा हात लवकर पुढे येतो. उजव्या हाताचा व्हीसुद्धा डाव्याला समांतर, उजव्या खांद्याच्या रोखाने.

पायरी ४: हात जोडायचे कसे

तीन पद्धती आहेत आणि तिघींनीही चांगलं गोल्फ खेळता येतं.

उजवी करंगळी डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या खाचेवर ठेवायची, ती ओव्हरलॅप. हिला हॅरी व्हार्डन यांचं नाव आहे. त्यांनी १८९६ ते १९१४ या काळात सहा वेळा ओपन चॅम्पियनशिप जिंकली आणि ही पकड जगभर गेली. त्यांच्या आधी स्कॉटलंडचे हौशी खेळाडू जॉनी लेडले हीच पकड वापरत होते, पण नाव लागलं व्हार्डनचं. मोठे हात असतील तर ही सोयीची.

उजवी करंगळी आणि डावी तर्जनी एकमेकांत अडकवायची, ती इंटरलॉक. जॅक निकलस आणि टायगर वुड्स या दोघांची पकड हीच. मध्यम किंवा छोट्या हातांना बरी पडते. धोका एकच: बोटं मुळापर्यंत खोल अडकवली तर ग्रिप दोन्ही तळहातांत जातो आणि पायरी २ ची मेहनत वाया. टोकाची पेरं अडकली तरी पुरे.

दहाही बोटं ग्रिपवर, ही तिसरी. मुलं, ज्यांच्या हातात जोर कमी आहे असे लोक, सांधे दुखणारे लोक यांनी बिनधास्त वापरावी. फक्त दोन हात एकमेकांना चिकटलेले हवेत. ही पकड कच्च्या खेळाडूंची असते असं सांगणारे भेटतील, दुर्लक्ष करा.

कोणती निवडायची यावर आठवडे घालवू नका. तीनही धरून पाहा, जी सहज बसेल ती ठेवा. फेसचं गणित या निवडीवर फारसं अवलंबून नाही. ते हात किती वळलेले आहेत यावर अवलंबून आहे.

पायरी ५: दाब किती

गोल्फपटू सॅम स्नीड यांच्या नावावर एक उपमा सांगितली जाते: हातात जिवंत पाखरू आहे असं समजून क्लब धरा. ऐकायला छान आहे, पण नवशिके ती ऐकून इतकं सैल धरतात की वर गेल्यावर क्लब हातात फिरतो आणि खाली येताना घाबरून मूठ आवळली जाते. हा मधेच आवळण्याचा प्रकार सैल पकडीपेक्षा वाईट.

अगदी जेमतेम धरणं म्हणजे १ आणि जीव खाऊन आवळणं म्हणजे १० असं मानलं, तर पूर्ण फटक्याला ४ च्या आसपास ठेवा. महत्त्वाचं हे की सुरुवातीला जो दाब आहे तोच शेवटपर्यंत राहावा. दाब कुठे हवा हेही महत्त्वाचं: डाव्या हाताची शेवटची तीन बोटं आणि उजव्याची मधली दोन. दोन्ही अंगठे आणि तर्जन्या जवळजवळ पाहुण्या.

आवळलं आहे की नाही हे बोटांवरून लवकर कळत नाही, कोपराखालच्या स्नायूंवरून कळतं. क्लब धरून मनगटं वर-खाली, गोल फिरवा. कोपराखालचा हात दगडासारखा झाला असेल तर दाब जास्त आहे. उंच गवतातून मारताना मात्र दाब थोडा वाढवा, नाहीतर गवत दांड्याला गुंडाळून फेस वळवतं.

पायरी ६: तपासणी

क्लब धरून तो कंबरेपर्यंत मागे न्या, दांडा जमिनीला समांतर होईल इतकाच. तिथे थांबा आणि डोकं वळवून फेसचा खालचा काठ बघा. तो साधारण तुमच्या पाठीच्या कलाला समांतर, म्हणजे किंचित पुढे झुकलेला असेल तर ठीक. फेस आकाशाकडे बघत असेल तर तो उघडला आहे. जमिनीकडे बघत असेल तर मिटला आहे.

दुसरी तपासणी मित्राकडून करून घ्या. मोबाइलवर समोरून, छातीच्या उंचीवरून, फक्त हातांचा फोटो. उभे राहिल्यावर एक आणि फटका संपल्यावर एक. फटक्यानंतर हात ग्रिपवर सरकलेले दिसले तर पकड मधे सुटते आहे. ग्लोव्हही हेच सांगतो. ग्लोव्ह टाचेकडच्या गादीवर भोक पडून फाटत असेल तर ग्रिप तळहातात आहे किंवा वर गेल्यावर पकड उघडते आहे. अंगठ्यावर लवकर झिजत असेल तर अंगठा जास्त दाबला जातो. कुणाची पकड बघायची असेल तर मी त्याला क्लब हातात घ्यायला सांगण्याआधी त्याचा जुना ग्लोव्ह मागतो.

बॉल काय सांगतो

पकड बसली, आता बॉल. पण निष्कर्ष काढायच्या आधी एक अट: बॉल फेसच्या मध्यावर लागला पाहिजे. विशेषतः ड्रायव्हरवर बॉल टोकाकडे लागला तर तो डावीकडे वळतो, टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) लागला तर उजवीकडे, मग पकड कितीही चांगली असो. म्हणून सुरुवातीला सात नंबरच वापरा. फेसवर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे हलका मारला की बॉलचा ठसा दिसतो. मधले ठसे धरा, बाकीचे फटके हिशेबात घेऊ नका.

बॉल उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळत असेल तर फेस उघडा आहे. डावा हात ग्रिपवर उजवीकडे फिरवा म्हणजे आणखी एक नकल दिसेल. याला पकड ‘स्ट्राँग’ करणं म्हणतात आणि उलट्याला ‘वीक’. ताकदीशी याचा काहीही संबंध नाही. एका वेळी अर्धा सेंटीमीटरपेक्षा जास्त फिरवू नका, आणि एक बदल केला की पंधरा-वीस बॉल तरी त्यावर द्या. दर दोन बॉलनंतर हात हलवणारा माणूस संध्याकाळपर्यंत कुठेच पोचत नाही.

बॉल डावीकडे निघून आणखी डावीकडे वळत असेल तर पकड जास्त स्ट्राँग झाली आहे. बहुधा उजवा हात ग्रिपखाली गेलेला असतो, आधी तो वर आणा. बॉल उजवीकडे निघून सरळच जात असेल तर पकडीला हात लावू नका, ते क्लबच्या मार्गाचं किंवा उभं राहण्याच्या दिशेचं काम आहे.

सगळ्यात जास्त लोकांचा प्रकार चौथा: बॉल डावीकडे निघतो आणि मोठा वळसा घेऊन उजवीकडे जातो. याचा अर्थ क्लब बाहेरून आत, म्हणजे डावीकडे ओढला जातोय आणि त्या मार्गाच्या मानाने फेस उघडा आहे. इथे एक गंमत होते जी कुणी आधी सांगत नाही. बॉल उजवीकडे जातो म्हणून माणूस नकळत डावीकडे मारायला शिकलेला असतो. तुम्ही पकड दुरुस्त करता, फेस मिटतो, आणि आता बॉल वळायचा थांबून थेट डावीकडे जायला लागतो. लोकांना वाटतं नवी पकड बिघडवते आहे, आणि ते जुनीवर परत जातात. खरं तर नेमकं हेच व्हायला हवं होतं. फेस आता तुमच्या मार्गाशी जुळला. काही दिवस बॉल डावीकडे गेला की शरीर आपोआप डावीकडे ओढणं कमी करतं, कारण आता त्याची गरज राहिलेली नसते. मार्ग सुधारायला मदत हवी असेल तर प्रशिक्षकाकडे जायची वेळही हीच, त्याआधी नाही.

नामवंतांची पकड बघून नक्कल करताना एक भान ठेवा. बेन होगन यांची पकड वीक होती, कारण त्यांना अनेक वर्षं डावीकडे वळणाऱ्या बॉलने छळलं होतं आणि तो थांबवण्यासाठी त्यांनी हात वळवून घेतले. ९ मेजर (गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकलेल्या माणसाची पकड म्हणून ती नंतर आदर्श ठरली. उजवीकडे मारणाऱ्या नवशिक्याने ती उचलली तर आगीत तेल. दुसऱ्या टोकाला डस्टिन जॉन्सन, डावा हात चांगलाच स्ट्राँग, आणि २०१६ चं यूएस ओपन व २०२० चं मास्टर्स नावावर. दोघांचेही स्विंग त्यांच्या पकडीशी जुळवून घेतलेले आहेत. नवशिक्याने मधल्यापेक्षा किंचित स्ट्राँग बाजूला राहावं, हे माझं मत.

नवी पकड अंगवळणी पाडताना

ती विचित्र वाटणारच. बरोबर वाटते म्हणून पकड बरोबर नसते, सवयीची असते म्हणून बरोबर वाटते. पहिले काही दिवस बॉल मारूच नका. एक क्लब घरात हाताशी ठेवा, दिवसातून दोनदा उचला, आणि दहा वेळा पकड पूर्ण सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधा: फेस, डावा, उजवा, दाब. धरून बसण्याने काही शिकायला मिळत नाही, हात शिकतात ते पुन्हा पुन्हा बांधताना.

मग रेंजवर. बॉल छोट्या टीवर (बॉल ठेवायच्या खुंटीवर), सात नंबर, कंबर ते कंबर एवढाच स्विंग. जोर वाढला की हात जुन्या जागी पळतात, म्हणून जोर सगळ्यात शेवटी. प्रत्येक बॉलआधी पकड सोडून पुन्हा बांधा. बॉलची बादली लवकर संपवायची घाई असलेल्या माणसाचं यात मन लागत नाही हे मला माहीत आहे, पण त्याने अर्धी बादली घ्यावी. खेळताना, मैदानावर, पकडीत फेरफार करू नका. त्या दिवशी जी आहे ती घेऊन खेळा.

उभं राहणं आणि नेम

हे थोडक्यात सांगतो, कारण पकड बसली की हे लवकर जमतं. सात नंबरला पाय खांद्याएवढे फाकवा, कंबरेतून पुढे झुका, गुडघे नुसते सैल करा, हात खांद्यांखाली लटकू द्या. बॉल साधारण मध्यावर, ड्रायव्हरसाठी डाव्या टाचेच्या रेषेत. नेम धरताना बॉलच्या मागे उभे राहून लक्ष्याच्या रेषेवर बॉलच्या पुढे हातभर अंतरावर एखादं पान, डाग किंवा गवताचा ठिपका निवडा. फेस त्या ठिपक्याकडे लावा, मग पाय. पायांची रेषा लक्ष्याकडे नसते, ती लक्ष्याच्या रेषेला समांतर आणि थोडी डावीकडे असते. सरावात जमिनीवर काठी ठेवून हे तपासा. खेळताना मात्र नेमासाठी क्लब किंवा काठी जमिनीवर ठेवून उभं राहायला नियमाने मनाई आहे. ठेवून मग उचलली तरी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) २ फटक्यांचा दंड बसतो.

पटरची पकड वेगळी

वर बोटांबद्दल जे सांगितलं ते पटरला (पटिंगच्या क्लबला) लागू करू नका. पूर्ण फटक्यात मनगट हलायला हवं, पटमध्ये ते शांत हवं. म्हणून इथे ग्रिप तळहातांतून घ्यायचा, तळहात समोरासमोर, दोन्ही अंगठे ग्रिपच्या सपाट बाजूवर सरळ. बरेच खेळाडू डावी तर्जनी उजव्या बोटांवरून खाली सोडतात, त्याने मनगट बांधलं जातं. डावा हात खाली आणि उजवा वर अशी उलटी पकडही पूर्ण नियमात आहे. पटर पोटाला किंवा छातीला टेकवून मारणं मात्र १ जानेवारी २०१६ पासून बंद झालं. फेसचं महत्त्व इथेही तेवढंच: ३ मीटरच्या पटला १ अंश चुकलं तर बॉल ५ सेंटीमीटर बाजूला जातो, आणि १०८ मिलिमीटर व्यासाच्या होलमध्ये मध्यापासून काठापर्यंत तेवढीच जागा असते.

ग्रिप आणि ग्लोव्ह

गुळगुळीत झालेला ग्रिप असेल तर हात आवळले जाणारच, मग पायरी ५ कितीही वाचा. नियमित खेळत असाल तर वर्षातून एकदा ग्रिप बदला. मधे अधूनमधून कोमट साबणाच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासून पुसून घ्या. नव्यासारखे होत नाहीत, पण चिकटपणा परत येतो.

जाडी बघायची असेल तर डाव्या हाताने ग्रिप धरा. मधल्या बोटांची टोकं अंगठ्याच्या गादीला जेमतेम टेकली पाहिजेत. तळहातात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, टेकतच नसतील तर जाड. थोडाच फरक असेल तर नवा ग्रिप घ्यायची गरज नाही, बसवणारा खाली टेपचा एखादा थर वाढवून देतो. ग्लोव्ह घट्ट घ्या. तळव्यावर सुरकुत्या पडत असतील तर तो मोठा आहे.

बोटांच्या जागा कोरलेला, साच्याचा सराव-ग्रिप बाजारात मिळतो. घरच्या सरावाला तो उत्तम, हात कुठे बसवायचे हा प्रश्नच राहत नाही. पण नियमानुसार पटर सोडून बाकी क्लबचा ग्रिप गोल लागतो, फार तर त्यावर लांबीभर एक बारीक उंचावलेली रेघ चालते. साच्याच्या ग्रिपचा क्लब बॅगेत नुसता असला तर वेगळा दंड नाही, तो १४ क्लबच्या मर्यादेत मात्र धरला जातो. त्याने फेरीत एक फटका जरी मारला तरी खेळाडू स्पर्धेतून बाद होतो.